तिच्या वतीने दिलेला नकार

माझ्याकडे एक लांब वही होती, शाळेच्या हजेरीपटासारखी, कडक पुठ्ठ्याची. चित्रकारांसाठी कुठे काय निघतं ते मी तिच्यात बरीच वर्षं लिहीत होतो. कोणती संस्था शिष्यवृत्ती देते, कुठे प्रदर्शनासाठी कामं मागवली आहेत, कुठे रेसिडेन्सी आहे. रेसिडेन्सी म्हणजे चित्रकाराला महिना-दीड महिना राहायला खोली, जेवण आणि काम करायला मोकळी जागा देतात, आणि तुझं काम कर म्हणतात. एवढंच. शेवटची तारीख मी लाल पेनाने लिहायचो, वयाची अट निळ्याने.

आंधळगावजवळच्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवतो. या वहीमुळे तुमसर-मोहाडीकडची चित्रं काढणारी मुलंमुली माझ्याकडे येत. मी त्यांच्या कामाचे फोटो काढून द्यायचो, उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. ‘मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे’ असं अर्जात लिहायचं नाही, ते सगळेच लिहितात, हे सांगायचो. मग शाळेच्या संगणकावर बसून अर्ज भरायचो. लोक म्हणत, सर दुसऱ्यांसाठी किती करतात. ते ऐकायला मला आवडायचं. वही मी मुळात स्वतःसाठी सुरू केली होती, हे कोणाला सांगितलं नव्हतं. निळ्या पेनाने लिहिलेला आकडा बहुतेक ठिकाणी पस्तीस असायचा, कुठे चाळीस. ते दोन्ही ओलांडून मला बरीच वर्षं झाली होती.

ज्या मुलीविषयी लिहितो आहे ती माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या वडिलांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आमच्या गावच्या तलावाखाली आहे. लग्न होऊन ती चिखल्याला गेली. नवरा मँगनीजच्या खाणीत खाली उतरतो. त्याचे कामाचे कपडे धुतले की घमेल्यात काळं पाणी उरतं. सगळ्या बायका ते फेकतात, ही साठवायला लागली. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर ती भाताच्या पेजेने चित्र काढायची, वाळवायची, मग तो तुकडा त्या काळ्या पाण्यात दिवसभर ठेवायची. पेज लागलेल्या जागी रंग कमी धरायचा. धुऊन काढलं की काळ्यातून फिकट रेघा वर यायच्या. दोरीवर वाळणारे शर्ट, आत माणूस नसलेले. पाळीवर निघालेली रांग. मी पहिल्यांदा ते तुकडे पाहिले तेव्हा एकेक उजेडाला धरून दोनदा पाहिला. असं काम मला आयुष्यात जमलं नव्हतं आणि जमणारही नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

तिची सासू दारात बसून हसत होती. “पाहा जी गुरुजी. लोकं कपडे धुतेत न पाणी फेकतेत. आमची सून पाणी ठेवते. एक दिवस कपडेच फेकन, तुमी पाह्यजा.”

“आत्याबाई, तुमचं लुगडंबी घेईन आता,” ती म्हणाली.

“घे ना व. अंगावरचं तेवढं सोड.”

त्या उन्हाळ्यात दूरच्या एका शहरातल्या संस्थेची रेसिडेन्सी निघाली. सहा आठवडे. वयाची अट नव्हती. वहीत त्या रकान्यात मी निळ्या पेनाने एक आडवी रेघ ओढली आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसलो. मग तिला फोन केला. एकाच दुपारी, एकाच संगणकावर आम्ही दोन अर्ज भरले, तिचा आणि माझा. कामाविषयी लिहायचं होतं तिथे मी तिला विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, “खाली काय हाय ते मी पाह्यलं नाही, सर. जे धूळ होऊन वर येते, तेच मले दिसते.” मी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. माझ्या अर्जात मी दीड पान लिहिलं होतं. त्यात असं एकही वाक्य नव्हतं.

ईमेलच्या जागी दोन्ही अर्जांत माझाच पत्ता टाकला. आमच्याकडे तसंच चालतं. पोरांच्या कोणत्याही अर्जावर मास्तरचा ईमेल, मास्तरचा मोबाइल नंबर. कोणी विचारत नाही, आम्हीही विचारत नाही. त्या दुपारीही मी तिला विचारलं नाही.

उत्तरं शाळा सुरू झाल्यावर आली. मधल्या सुट्टीत, पोरं खिचडी खात होती तेव्हा. दोन ईमेल एकाखाली एक. तिची निवड झाली होती, आठ दिवसांत होकार कळवायचा होता. माझी निवड झाली नव्हती. पण माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं.

तीन दिवस मी तिला फोन केला नाही. या तीन दिवसांत मी स्वतःशी जे बोललो ते सगळं तिच्या भल्याचं होतं. मुलगी तिची चार वर्षांची. नवरा पाळीवर. सासू म्हातारी. चिखल्याच्या कॉलनीतून एकट्या बाईला दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासाला, सहा आठवड्यांसाठी कोण पाठवणार? उगाच आशा लावायची, मग घरात भांडण, मग ती चित्रं काढणंही बंद. त्यापेक्षा कळलंच नाही तर बरं. एकेक कारण खरं वाटत होतं. आजही ती कारणं चुकीची होती असं मला म्हणता येत नाही. एवढंच की त्यातलं एकही मी तिला विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी तिच्या नावाने उत्तर लिहिलं. कौटुंबिक कारणांमुळे येणं शक्य नाही, क्षमस्व. दोन ओळींसाठी चार मसुदे केले. खाली तिचं नाव टाइप केलं. पाठवलं. मग रोज मधल्या सुट्टीत ईमेल उघडून बघत राहिलो. कशाची वाट बघत होतो ते इथे लिहायला हवं. मी माझ्या बोलावण्याची वाट बघत होतो.

ते आलं नाही. यादीत माझ्या आधी कोणीतरी असावं.

भाताच्या रोवणीला ती माहेरी आली होती. चिखलाचे पाय घेऊन रस्त्यातच उभी राहून तिने विचारलं, “सर, त्या फॉर्मचं काई आलं का?”

“नाही,” मी म्हणालो. “मोठ्या जागा त्या. उशीर लागतो.”

“आलं त सांगजा.” आणि ती परत बांधीत उतरली.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका प्रदर्शनासाठी तिच्या नव्या कामांचे फोटो काढायला मी चिखल्याला गेलो. ती मागच्या अंगणात कपडे धूत होती. सासूने मला आत बसवलं, चहा ठेवला. समोर खुंटीला एक निळी प्रवासी बॅग अडकवलेली होती. तिचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मी सहज विचारलं, कोणी गावाला निघालं का?

“कायचं गावाले जी. सुनेसाठी घेऊन ठेवली होती तुमसरच्या बाजारातून. तुमी तो फॉर्म भरला ना, तवाच घेतली. म्या पोराले म्हटलं, बोलावलं त इले जाऊ देजो. पोरगी माझ्यापाशी राह्यते. डबा मी बांधून देईन तुले. बोलावलंच नाही बाप्पा. बॅग लटकून राहिली तशीच.” मग माझ्याकडे बघून हसली. “तुमच्या त्या लोकायले काळं पाणी नाही आवडलं वाटते.”

चहा मी अर्धाच प्यायलो. उठून अंगणात गेलो. ती दगडावर शर्ट घासत होती. मी उभ्यानेच सांगितलं. तुझी निवड झाली होती. मी तुला सांगितलं नाही. तुझ्या नावाने नाही म्हणून कळवलं.

तिने हातातला शर्ट घमेल्यात सोडला. त्यातलं पाणी हलायचं थांबेपर्यंत ती तिकडेच बघत होती.

“मी गेली असती का नाही, ते मले मालूम नाही, सर,” ती म्हणाली. “नसती बी गेली. पोरगी रडली असती त मीच नाही म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं ना. तुमी काहून म्हटलं?”

मी मुलीचं सांगितलं, सासूचं, प्रवासाचं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “तुमीबी भरला होता ना त्यात? तुमचं काय झालं?”

हे ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. प्रतीक्षा यादीचं मी सांगणार नव्हतो. सांगितलं.

“मंग बोलावलं का तुमाले?”

“नाही.”

“म्हंजे दोघंबी घरीच,” ती म्हणाली आणि शर्ट पिळायला लागली. पिळून दोरीवर टाकला. काळं पाणी नेहमीसारखं बाजूच्या घागरीत ओतलं. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल. मी थांबून राहिलो ते त्यासाठीच.

ती पदराला हात पुसत आत गेली आणि मोबाइल घेऊन आली. “ईमेल कसा काढतेत ते सांगा मले.”

आम्ही पायरीवर बसलो. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, एकेक करून तिने भरलं. मी फक्त बोट दाखवत होतो. पासवर्डची जागा आली तेव्हा ती थांबली. “सर, तिकडं पाहा.”

मी घराकडे तोंड केलं. दारातून खुंटीवरची बॅग दिसत होती. मागे तिची बोटं सावकाश चालत होती, एकदा चुकली, तिने पुसून परत टाइप केलं. माझ्याकडे आलेल्या किती मुलामुलींच्या अर्जांचे पासवर्ड मी स्वतः ठरवले होते. बहुतेकांचे मला अजून पाठ आहेत.

“झालं,” ती म्हणाली. “आता पाहा.”

त्या प्रदर्शनाचा अर्ज तिने स्वतः भरला. मी निघताना सोबत आणलेली वही तिच्याजवळ ठेवली. नको म्हणाली नाही, आभारही मानले नाहीत. शाळेत आल्यावर ज्यांच्या अर्जांवर माझा ईमेल होता त्या सगळ्यांना मी एकेक फोन केला आणि आलेलं प्रत्येक उत्तर, नकारसुद्धा, वाचून दाखवलं. दोघांनी विचारलं, सर आज कायले सांगून राहिले? त्यांना मी काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

आता महिन्या-दोन महिन्यांनी तिचा मेसेज येतो. कुठली तरी रेसिडेन्सी असते, शेवटची तारीख, आणि खाली एक ओळ: वयाची अट नाही, तुमी भरा. बाकी काही नाही. ती स्वतः कुठे अर्ज करते, तिला काय उत्तर येतं, बॅग खुंटीवरच आहे का, हे मला माहीत नाही. विचारायचा हक्क माझा राहिलेला नाही, आणि ती सांगत नाही.