सौंसर म्हणजे सावनेर नव्हे

सौंसरची आमची टॉकीज मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षं चालवली. फोनवरचं त्यांना ऐकू येईना, तेव्हा पिक्चर मागवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

जवळच्या रामाकोना गावातल्या बचत गटाच्या बायका भेटतील तिथे विचारायच्या, "ताई, मराठी पिक्चर काहून नाही लावत?" म्हणून मुंबईच्या वितरकाला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "मध्य प्रदेश? मग इंदूरला विचारा." इंदूरवाले म्हणाले, "मराठी? वो तो मुंबई से मिलेगी." तीन आठवडे हेच. अहो, इथे घराघरांत मराठी बोलतात, हे सांगून माझा घसा सुकला. शेवटी मुंबईवाला कंटाळून हो म्हणाला.

शुक्रवारी बाराच्या खेळाला बायका टेम्पो करून आल्या. पिक्चर काही उघडेना. हल्ली रिळं येत नाहीत. पिक्चर कॉम्प्युटरवर येतो आणि वितरकाने त्याच टॉकीजसाठी बनवलेल्या कोडनेच उघडतो. मी फोन लावला.

"मॅडम, कोड कालच पाठवला. सावनेरला."

"सावनेर? ते तर महाराष्ट्रात! मी सौंसर लिहिलं होतं!"

"हो, पण आम्हाला वाटलं, तुमचं लिहिताना चुकलं."

म्हणजे आमचं गावच त्यांनी दुरुस्त करून टाकलं होतं.

मामाजींनी विचारलं, तोवर हिंदी लावू का? "नाही जी, आमी मराठीच पाहू," म्हणत बायकांनी खुर्च्यांवरच डबे उघडले. मामाजी पाहुणे आल्यासारखे फिरत होते, "हवा लागून राहिली ना?" आणि मी ऑफिसात फोन कानाला लावून, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकत बसले होते.

तीनला एकदाचा पिक्चर सुरू झाला. पाचला टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. त्याला संत्र्याचे क्रेट भरायला जायचं होतं. वीस मिनिटं उरली असताना बायका उठल्या. दारात एक म्हातारी थांबली. "त्या पोरीचं लगन होते का नाही, तेवढं तरी सांग."

मी तरी कुठे पाहिला होता! "उद्या फोन करते," म्हटलं.

रिकाम्या हॉलमध्ये मामाजींच्या शेजारी बसून शेवट पाहिला. "चांगला आहे," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात आणखी एक मागव." मी त्यांना कोपरापासून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी म्हातारीला सांगितलं, लग्न मोडतं.

"मंग आमाले बोलावलं कायले?" म्हणून ती माझ्यावरच उखडली.