सव्वाकाकांचा पॉवर सप्लाय

माझे काका लिफ्ट तपासनीस आहेत. लिफ्टमधल्या पाटीवर जेवढं वजन लिहिलेलं असतं, त्याच्या सव्वापट लोखंड आत रचायचं, लिफ्ट खालीवर करायची, आणि दोर, ब्रेक सगळं टिकलं तरच सही ठोकायची, हे त्यांचं काम. तेवढ्यावर थांबले असते तर लोकांनी त्यांना सव्वाकाका म्हटलं नसतं. पण हा माणूस संध्याकाळी घरी येताना सव्वा सोबत घेऊन येतो. नव्या खुर्चीवर आधी धान्याची पोती बसतात, मग माणसं. माझ्या बहिणीच्या बाळासाठी पाळणा आणला, तर काकांनी त्यात बटाटे भरले आणि बटाट्यांना झोप लागेल इतका वेळ तो हलवला. बाळ तोवर सतरंजीवर बोंबलत होतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण माझं लग्न झालेलं नाही, जेवायला मी काकूकडे असतो, आणि ताटावर बसून वाद घालणं मला जमत नाही.

काकूचं मात्र या वेळी खरंच अडलं होतं. ती पूर्वीपासून हौस म्हणून चौकटीच्या कागदावर स्वेटरची नक्षी काढायची. एका स्वेटरच्या कारखान्याच्या मॅनेजरबाईंनी ती पाहिली आणि सांगितलं, लहान मुलांचे स्वेटर कॉम्प्युटरवर काढून महिनाअखेरपर्यंत पाठवा, पसंत पडले तर कायमचं काम देते. काकूचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या कामात गेलं. हे पहिलंच तिच्या नावाचं काम होतं. ती शिकायला बसली आणि आमचं हसून होईपर्यंत तिचं शिकूनही झालं.

घरातला कॉम्प्युटर जुना, कुणाकडून तरी आलेला. त्यावर नक्षी काढताना काही त्रास नव्हता. पण स्वेटर पुरा झाला की तो पडद्यावर गोल फिरवून बघायचा असतो, आणि इथे गाडी अडायची. स्वेटर छाती दाखवायचा, हळूहळू वळायचा, डावी बाही समोर आली की पडदा काळा. कॉम्प्युटर ठार बंद. काकूने स्वतःच्या एकाही स्वेटरची पाठ पाहिलेली नव्हती.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने पाहताक्षणी सांगितलं, "पॉवर सप्लाय दमलाय. चित्र फिरवायला एकदम जास्त वीज लागते, ती त्याच्याच्याने देववत नाही. चांगला घ्या, सुटाल."

"चांगला म्हणजे कोणता ते मी ठरवतो," काका म्हणाले. काकूचा चेहरा तिथेच पडला.

दुकानात काकांनी पॉवर सप्लायचे डबे एकेक करून हातात तोलले. हलके बाजूला सारले. दुकानदार खूश झाला, म्हणाला, "बरोबर आहे काका, आत माल असला की जड लागतो." मग त्याने एक जडसा काढला. सोनेरी बिल्ल्याचा, साडेसहाशे वॅटचा.

"साडेसहाशे लिहिलंय," काका म्हणाले. "उचलतो किती?"

"तुमच्या कॉम्प्युटरला याच्या निम्मीसुद्धा लागणार नाही हो."

"लिफ्टमध्येसुद्धा एरवी एकटा पोस्टमनच असतो. म्हणून मी एका पोस्टमनवर सही करू?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं.

पॉवर सप्लायमध्ये लोखंड रचता येत नाही, ही अडचण काकांनी गॅरेजवाल्याकडे जाऊन सोडवली. गाडीचे हेडलाइट बारा व्होल्टवर जळतात आणि पॉवर सप्लायही बारा व्होल्ट देतो. म्हणजे दिवे जोडत गेलं की भार वाढत जातो. काकांनी टोपलीभर हेडलाइट आणले आणि बैठकीत टेबलावर, शोकेसवर, टीव्हीच्या डोक्यावर मांडले. काकूला स्वयंपाकघरात जायचं तर डोळ्यांवर हात धरून जावं लागे. समोरच्या इमारतीतून निरोप आला, गाडी घरात लावली असेल तर निदान दिवे तरी बंद करा.

सोनेरी बिल्लेवाल्याने साडेसहाशेचा भार आरामात पेलला. काकांनी सव्वापट करायला आणखी दिवे जोडले. टक् झालं आणि घर अंधारलं. पॉवर सप्लाय बंद. थोड्या वेळाने पुन्हा चालू केला, तर काही झालंच नाही अशा थाटात चालू झाला. पुन्हा सव्वा, पुन्हा टक्.

"पळपुटा," काका म्हणाले. "जबाबदारी अंगावर आली की पाय काढता घेतो. नापास."

त्यानंतर बरेच आले. जे चांगल्या घराण्यातले होते ते सगळे सव्वाला टक् करून बसले. काकांनी त्यांना ओळीने पळपुटे ठरवलं. शेवटी एक स्वस्तातला आला, हलका, बिल्ला नाही, काही नाही. तो मात्र थांबेना. काका खुर्चीच्या टोकावर आले. "बघ, बघ, याला म्हणतात इमान!" ते मला म्हणाले. मग इमानातून धूर निघायला लागला. काकूने धावत येऊन मेन स्विच पाडला. बैठकीतला जळका वास जाता जाईना, आणि मी दोन दिवस भातातसुद्धा तोच वास खाल्ला.

दुकानदाराने हात जोडले. "काका, लोक विचारतात वॉरंटी किती. तुम्ही विचारता मरतो कधी. सोनेरीवाला तेवढा ठेवा, पण आता येऊ नका."

महिना संपत आला होता. काका दिव्यांच्या घोळक्यात कपाळाला हात लावून बसले होते. "विश्वास ठेवावा असं जगात काही उरलेलं नाही," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, मला त्यांची कीवच आली.

काकू त्यांच्यासमोर येऊन बसली. "अहो, लिफ्टमध्ये जास्त माणसं शिरली तर काय होतं?"

"भोंगा वाजतो. लिफ्ट हलत नाही."

"मग तिला नापास करता?"

"नापास कशाला? न हलणं हीच तर तिची अक्कल! हलली तर नापास."

"आणि तुम्ही सव्वापट लोखंड भरता तेव्हा कशी हलते?"

"अगं, त्याआधी आम्ही भोंग्याची तार काढून ठेवतो. नाहीतर ती..." काका बोलता बोलता थांबले.

"याची तार काढली होती का?" काकूने सोनेरीवाल्याकडे बोट दाखवलं.

एवढ्या दिव्यांच्या मध्ये बसूनही काकांचा चेहरा काळवंडला. ते उठले, त्यांनी सोनेरीवाला दोन्ही हातांनी उचलला, त्याच्यावरची धूळ सदऱ्याने पुसली आणि स्वतः स्क्रू पिळून कॉम्प्युटरमध्ये बसवला.

स्वेटर फिरला. छाती, डावी बाही... आणि पाठ! काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीवर बदकं होती, त्यातल्या एकाला दोन शेपट्या होत्या. काकूने रडत रडत एक काढून टाकली आणि वेळेच्या आत सगळे स्वेटर पाठवून दिले.

मॅनेजरबाईंचा फोन आला तेव्हा आम्ही तिथेच होतो, काकूने तो स्पीकरवर लावला. स्वेटर पसंत होते, काम कायमचं होतं. आणि जोडीला मोठ्यांचे स्वेटर, टोप्या, मोजे, सगळं पुढच्या महिनाअखेरपर्यंत हवं होतं. काका सोफ्यावरून जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण.

"लहान मुलांचे करीन," काकू म्हणाली. "बाकीचं मला झेपणार नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. हातातलं काम निसटलं, असं मला वाटलं. मग बाई म्हणाल्या, "बरं. लहान मुलांचे करा."

काकूने फोन ठेवला. "आणि अहो, आजपासून रात्रीचा स्वयंपाक तुम्ही दोघं बघा."

"आजच काय झालं?" काका चकितच झाले. "इतकी वर्षं सगळं तूच तर करत आलीस. कधी कशाला नाही म्हणाली नाहीस."

"नाही म्हणाले नाही, म्हणून तुम्हाला वाटलं पेलतंय."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने ते अगदी सरळ सांगितलं. रोज तिच्या ताटावर हक्काने बसणारा मी, मला माझीच लाज वाटली. काका उठले. स्वयंपाकघरात गेले. मीही मागोमाग गेलो. भांडी पडली, डबे उघडले, मिटले, आणि काकांनी हाक मारली, "अगं, तांदूळ कुठे असतात?"

सवयीने काकू खुर्चीवरून अर्धी उठली. मला दारातून दिसलं. मग ती परत खाली बसली, आणि तिने पुढचा स्वेटर फिरवायला घेतला.