भिंगरीच्या तबकड्या

माझ्या काकाला घरात सगळे भिंगरी म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. जेवताना तो पाणी घ्यायला उठायचा, पाणी पिताना खिडकी लावायला जायचा, आणि खिडकी लावताना खाली कोणी ओळखीचं दिसलं की जिना उतरून चालू लागायचा. ताटातला भात तसाच. आजी म्हणायची, "ह्याच्या बुडाखाली कोणी निखारा ठेवलाय का ते बघा आधी."

काम मात्र त्याला स्वभावाला साजेसं मिळालं होतं. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. कामाच्या खोलीत फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडलेले, मेण वितळवायचा दिवा, घासायचं चाक. सगळं उभ्याने करायचं. एका टोकाला मेण थंड होईपर्यंत दुसऱ्या टोकाची कवळी चाकावर धरायची. अख्ख्या शहराचे जबडे त्याच्याकडे बघून हसत असत आणि तो त्यांच्यामधून येरझाऱ्या घालत असे.

अशा माणसाला छंद जडला तो सिनेमांच्या डिस्क जमवण्याचा. तेही साधेसुधे सिनेमे नाहीत. दूरदूरच्या देशांतले, जुने, बरेचसे काळे-पांढरे. कुठे एक म्हातारा बराच वेळ नुसती पायवाट तुडवतोय, कुठे एक बाई अर्धा सिनेमाभर शिडीवर उभी राहून छत रंगवतेय. जे बघायला बैठक लागते असे सगळे सिनेमे ह्या बिनबैठकीच्या माणसाने घरात आणून ठेवले होते. बंद पडणाऱ्या दुकानांतून आणले, परगावच्या छंदिष्टांशी अदलाबदली करून आणले. त्याचा एक मित्र चष्म्यांचं दुकान चालवायचा. त्यालाही हेच वेड. दोघं भेटले की अमक्या आवृत्तीत चित्र स्वच्छ केलंय आणि तमक्या आवृत्तीत आवाज, ह्यावर तावातावाने बोलत. एकाच सिनेमाच्या तीन-तीन आवृत्त्या घरात असत.

"ह्यात चित्र चांगलं, त्यात आवाज चांगला," काकू एकदा म्हणाली, "मग ह्या तिसऱ्यात काय?"

"त्याचा खोका चांगला आहे," काका म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

काकू कपडे दुरुस्त करून द्यायची. बाहेरच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं आणि त्याच खोलीच्या दोन भिंती काकाच्या फळ्यांनी खाल्लेल्या होत्या. ती डिस्कला तबकड्या म्हणायची, आणि तबकड्यांवरची धूळ महिन्यातून एकदा निमूटपणे पुसायची. तिची तक्रार एवढीच होती की हा माणूस जमवतो, पण बघत नाही. ते खरंच होतं. तो डिस्क लावायचा, उभ्याउभ्या थोडं बघायचा, मग काहीतरी आठवायचं आणि सिनेमा खोलीत एकटाच चालू राहायचा. "निवृत्त झालो की बघणार," असं तो म्हणायचा.

मग एका संध्याकाळी चष्मेवाला धापा टाकत आला. त्याच्या हातात एक डिस्क होती. "अरे, हिला बघ काय झालंय!" डिस्क उजेडात तिरकी धरली तर कडेला तांबूस डाग पसरलेला होता, चहाच्या कपाचा ओघळ वाळावा तसा. आतला थर सडत होता. चष्मेवाला म्हणाला की ती वर्षानुवर्षं कपाटात बंद होती, कोणाचं बोटही लागलं नव्हतं, तरी चित्र मध्येच गोठतं.

काकाचा चेहरा उतरला. मित्र जिना उतरायच्या आत त्याने पहिली फळी रिकामी करायला घेतली. जमिनीवर डिस्कची रास, हातात भिंग. पाच-सहा डिस्कवर त्याला डाग दिसले, आणि डाग नाहीत त्यांच्यावर त्याचा विश्वास बसेना. खात्री करायची तर एकच उपाय होता. प्रत्येक डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघायची.

आता आली का पंचाईत! सकाळी डिस्क लावायची तर काका कवळ्यांकडे. संध्याकाळी लावली तर हा पठ्ठ्या अर्ध्या तासात मोरीत, गच्चीवर, नाहीतर रस्त्यावर. परत येईपर्यंत चित्र कुठे अडकलं की नाही, कोण सांगणार? त्याची झोप उडाली. कामावर त्याने कोणाच्या वरच्या कवळीला दुसऱ्याचीच खालची जोडून पाठवली आणि डॉक्टरांचे बोल खाल्ले. शेवटी काकूच म्हणाली, "मी दिवसभर घरातच असते. लावून जा रोज. शिवता शिवता बघते कुठे अडतंय का."

"एकही क्षण चुकवायचा नाही हं," काकाने बजावलं.

"नाही चुकवत. आता जा."

पहिले काही दिवस काकू संध्याकाळी निरोप्यासारखा अहवाल द्यायची. "आजची ठीक. कालची शेवटी दोनदा थांबली." मग अहवाल लांबायला लागले. "तो पायवाटेवरचा म्हातारा मला आधी वेडपट वाटला होता, पण त्याला सुनेला तोंड दाखवायचं नव्हतं हो! म्हणून लांबच्या वाटेने जात होता." पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी वाचायच्या नादात तिने बोटात सुई घुसवून घेतली आणि कोणाच्या तरी विजारीचा एक पाय वितभर आखूड केला. जेवताना ती सिनेमे सांगायची आणि काका घास हातात धरून ऐकायचा. मग एकदम म्हणायचा, "पुढचं सांगू नकोस!" आणि उठायचा. स्वतःच्याच घरातल्या सिनेमांच्या बाबतीत तो बायकोच्या मागे पडला होता. ते त्याला सोसत नव्हतं.

भडका उडाला त्या दुपारी मी तिथेच होते. माझ्या झग्याची शिवण उसवली होती म्हणून गेले होते. काकूकडे आलेल्या दोघी गिऱ्हाईक बायका कपडे होईपर्यंत सिनेमा बघत बसल्या होत्या, आणि त्यातली एक खोक्यातून डिस्क काढून तिच्यात आपलं कुंकू नीट आहे का ते बघत होती. नेमका काका आला. त्याने त्या बाईंच्या हातून डिस्क अक्षरशः ओढून घेतली. बायका कपडे तिथेच टाकून निघून गेल्या.

"त्या माझ्या आहेत!" काका ओरडला. "मी बघायच्या आहेत त्या!"

"मग बघा ना!" काकूचाही आवाज चढला. "इतकी वर्षं कोणी हात धरलाय तुमचा? बसून एक सिनेमा पुरा बघितलेला दाखवा मला, म्हणजे मी तबकडीला बोट लावणार नाही."

काका भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग भिंतीलाच सांगावं तसं बोलू लागला. तो कॉलेजात होता तेव्हा एका सकाळच्या खेळाला गेला होता. परदेशी सिनेमा, नदीवरच्या दोन नावाडी भावांचा. सिनेमा रंगात आला होता आणि अचानक पडद्यावर त्याचं स्वतःचं नाव आलं. तेव्हा तातडीचा निरोप असला की थिएटरवाले काचेच्या पट्टीवर नाव लिहून ती पडद्यावर टाकत. नाव, आडनाव, आणि खाली 'ताबडतोब बाहेर या'. धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, बाहेर उभे होते. आजोबा गेले होते.

"तेव्हापासून अंधारात बसलो की वाटतं, आता येणार नाव," काका म्हणाला. "म्हणून म्हटलं, घरी आणून ठेवू. घरात कोण काच टाकणार? पण इथेही तेच."

काकूला संसाराच्या इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हतं. तिने यंत्रावरचा कपडा बाजूला सारला. मग म्हणाली, "नावाड्यांचा तोच का, वरच्या फळीवरचा? ज्याच्या तीन तबकड्या आहेत तो? मी बघितला. मंगळवारी." आणि थोडं थांबून, "शेवट सांगू?"

"खबरदार!" काका गर्रकन वळला, आणि मग त्याला स्वतःलाच हसू फुटलं.

पुढच्या रविवारी सकाळी काकूने तो सिनेमा लावायचं ठरवलं आणि माझ्या बाबांनाही बोलावून घेतलं. बाबा आले, पण अवघडून बसले. ज्या सिनेमातून त्यांनी भावाला बाहेर काढलं होतं, तो त्यांनी कधी बघितलाच नव्हता. काकूने पडदे ओढले, फोन बंद केले, रिमोट हातात घेतला. काका उठला की ती चित्र थांबवायची. तो आला की चालू. कोणी काही म्हणायचं नाही असं तिने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. मोरी झाली, खिडकी झाली, एकदा तर तो कामावर जाऊन मेणाचा दिवा विझलाय का ते बघून आला. जेवणं झाली तरी सिनेमा अर्ध्यावरच होता.

मग थोरला नावाडी होडी सोडून किनाऱ्यावर येतो, तिथे काकाने स्वतःच हात वर केला. "इथे," तो म्हणाला. काकूने चित्र थांबवलं. काका दार उघडून बाहेर गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि मध्येच थांबली. बाबा उठले आणि त्याच्यामागे गेले. दार उघडं होतं, त्यामुळे आम्हाला ऐकू येत होतं.

"सगळ्या थिएटरने वाचलं माझं नाव," काका म्हणत होता. "आत येऊन हाताला धरून नेलं असतंस तर?"

"दारावरच्याने सोडलं नाही रे. तिकीट नव्हतं. रडायला लागलो तेव्हा त्यानेच विचारलं, नाव काय भावाचं." बाबा म्हणाले. "मला वाटलं तू चिडलायस म्हणून कधी विषय काढला नाही."

"चिडलोच होतो."

दोघं परत आले. काका खुर्चीत बसला नाही, खुर्चीची पाठ धरून तिच्यामागे उभा राहिला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. नदीवर पूल होतो. धाकटा भाऊ पुलाच्या कामावर लागतो. थोरला आपली होडी काठावर पालथी घालून तिला डांबर फासत बसतो आणि पडद्यावर नावं येऊ लागतात.

"संपला?" काका म्हणाला. "पूल झाल्यावर डांबर कशाला?"

"होडी त्याची आहे म्हणून," बाबा म्हणाले.

"छे! धाकटा परत येईल म्हणून," काकू म्हणाली. त्या शेवटावरून तिघांची अशी जुंपली की मी चहा केला तोही कोणी नीट प्यायलं नाही.

काका काही बरा झाला नाही. आजही उभ्यानेच बघतो, दहादा उठतो, एका सिनेमाला अख्खी सुट्टी लागते. डाग पसरतच आहेत, त्यामुळे ज्या तबकड्या आजारी आहेत त्या आधी बघायच्या असा काकूने नियम केलाय. एखादी मध्येच गोठली की काका डोकं धरून खोलीभर फिरतो, आणि मग उरलेला सिनेमा काकू त्याला तोंडी सांगते. बाबा रविवारी येतात. परवा त्यांनी विचारलं, "अरे, ह्या सडून संपायच्या आधी बघून संपतील का?"

"न संपायला काय झालं!" काका म्हणाला, आणि चष्मेवाल्याने नवीन काहीतरी आणलंय ते बघायला चपला घालून निघालासुद्धा.