सातव्या कप्प्यातला कोट

मास्तर,

हे पत्र तुम्ही वाचाल याची मला खात्री नाही. हातात पडल्यावर ते कुठे ठेवायचं याचाच विचार करत बसाल आणि वाचायचं राहून जाईल. तरी लिहिते. तुमच्या दुकानात जो घोळ झाला, त्यात अर्धा वाटा माझा होता आणि गल्लीतले लोक तो भलताच रंगवून सांगतात. तुमच्या तोंडावर तुमच्याबद्दल चार शब्द बोलणं मला जमायचं नाही, म्हणून तुम्ही समोर नाहीच असं धरते. मध्ये बोलू नका.

तर हा माणूस शिंपी. नवे कपडे शिवायचे त्यानं कधीच सोडले होते. लोकांचे जुने कपडे सैल-घट्ट, लांब-आखूड करून द्यायचा. दुकान इतकं अरुंद, की आरशासमोर गिऱ्हाईक उभं राहिलं की मास्तरांना एक पाय रस्त्यावर ठेवून माप घ्यावं लागे. काज, बटणं, हातशिलाई आणि इस्त्री बायकोकडे. वर्षानुवर्षं दोघांचं असं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

मग ते वाचनालयात आले. वाचनालयाचे पडदे कडा दुमडायला त्यांच्याकडे होते, ते परत द्यायला. वरच्या मजल्यावर माझा गोष्ट लिहिण्याचा वर्ग चालू होता. मास्तर पडदे मांडीवर घेऊन मागे बसले. मी सांगत होते, की संघर्षाशिवाय गोष्ट उभी राहत नाही. फळ्यावर सहा प्रकार लिहिले होते: माणूस भांडतो तो दुसऱ्या माणसाशी, समाजाशी, निसर्गाशी, यंत्राशी, नियतीशी, नाहीतर स्वतःशीच. बाकीच्यांनी वहीत उतरवलं आणि विसरून गेले. मास्तरांनी हात वर केला.

"बाई, म्हणजे आधी कुठे ओढतंय ते बघायचं आणि मग तिथेच उसवायचं?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले.

चाळीस वर्षं शिकवताना मी पुष्कळ मूर्खासारखं बोलले असेन, पण त्यापायी कुणाची बायको घर सोडून गेली नव्हती.

सोमवारी दुकानातल्या फळीला सहा कप्पे पडले. प्रत्येकावर शिंप्याच्या खडूनं एकेका प्रकाराचं नाव.

पहिलं गिऱ्हाईक कमरेत घट्ट झालेली पँट घेऊन आलं.

"कुणामुळे?" मास्तरांनी विचारलं.

"कुणामुळे म्हणजे?"

"तुम्ही सुटलात, की घरात कुणी गरम पाण्यात टाकली, की सगळे असल्याच घालतात म्हणून घेतलीत?"

माणसानं इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तिन्ही."

"एक निवडा. पँट एकच आहे."

लोक आधी हसले. मग रांग लावायला लागले, कारण घरी कुणी इतकं खोदून विचारत नाही. एक बस-कंडक्टर दाराच्या कडीत अडकून फाटलेला खिसा घेऊन आला. त्याचं म्हणणं हे यंत्र. मास्तर म्हणाले, "कडी तिथे रोजच असते. खिसा आजच का फाटला? ही नियती." दोघांचं असं जुंपलं, की बस कंडक्टरला सोडून निघून गेली. मग मात्र कंडक्टरनं नियती मान्य केली.

ज्याचा निकाल लागत नसे, तो कपडा फळीखालच्या सातव्या कप्प्यात जाई. त्याला नाव नव्हतं. तिथे गेलेला कपडा परत आला, असं कुणी पाहिलं नव्हतं.

एक दिवस बायकोनं आपला तपकिरी कोट पुढे केला. "अहो, बाह्या दोन बोटं कमी करा. चहाच्या कपात बुडतात."

"कुणाविरुद्ध?"

"काय कुणाविरुद्ध?"

"संघर्ष गं."

"बाह्यांविरुद्ध!"

"असा प्रकार नाही," मास्तर म्हणाले. कोट सातव्या कप्प्यात गेला. दोन हिवाळे उलटले.

मग एका दुपारी तिनं हातातल्या सदऱ्याची इस्त्री पुरी केली, इस्त्री उभी करून ठेवली आणि त्या सदऱ्याला चिठ्ठी टाचून गेली. 'भावाकडे जाते. का, ते तुमच्या सहा कप्प्यांत शोधा. सापडलं की कळवा.'

दुसरा कुणी हे वाचून हादरला असता. मास्तरांनी दुकान बंद केलं आणि खरोखर सहाही कप्पे उपसले. खिसेसुद्धा उलटे करून पाहिले. मग माझ्याकडे आले. चेहरा पार उतरलेला.

"बाई, माझी बायको कुठल्या प्रकारात गेली?"

"रिक्षात गेली, मी पाहिलं. जा आणि घेऊन या."

"कुठे ओढतंय ते कळल्याशिवाय उसवू कसं? चुकीच्या जागी कात्री लागली तर ती कायमचीच जाईल." आणि माझ्यासमोर त्यांनी मोजपट्टीनं डोळे पुसले.

मग ते रोज मेहुण्याच्या दारी जाऊ लागले. रोज एक प्रकार. बायको आतल्या खोलीत, मेहुणा उंबऱ्यावर.

"लोक तुला हसतात, त्याचा राग आला का? समाज?"

"हसतात ते तुम्हाला," आतून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी, "इस्त्रीनं चटका दिला का? यंत्र?"

"इस्त्रीचं आणि माझं छान जमत होतं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी भीतभीत निसर्ग म्हटलं. "थंडी... थंडी फार वाजते का तुला?"

आतल्या खोलीचं दार बोटभर उघडलं. मेहुण्याला जेवायचं होतं, तो कळवळून म्हणाला, "दाजी, जवळ आलात! थंडीत माणसाला काय लागतं, आठवा!"

मास्तरांनी खूप विचार केला. "शेकोटी?"

मेहुण्यानं कपाळावर हात मारला आणि दार लावून घेतलं.

इकडे दुकानाची दैना. बटणांचा डबा कुठे असतो ते मास्तरांना एकतीस वर्षांत कधी शोधावं लागलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाला तपकिरी बटण हवं होतं, म्हणून त्यांनी सातवा कप्पा चाळायला घेतला आणि कुणाच्या तरी रेनकोटाखालून तो कोट हाती आला.

दोन्ही बाह्यांच्या काठांना चहाच्या डागांची रेघ होती. उजवी बाही तिनं नेमकी दोन बोटं दुमडून टाचणी लावली होती. दुमड इतकी सरळ, की पट्टी ठेवून मारावी. मास्तर ती दुमड बघत बसले. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या बाह्या या बाईनं हातशिलाईनं बसवल्या होत्या. स्वतःची करायला तिला अर्धा तास पुरला असता. तिनं केली नाही. त्यांना करायला दिली.

त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. कात्री उचलली.

संध्याकाळी मेहुण्याच्या दारात त्यांनी कोट पुढे धरला. या खेपेला एकही प्रकार बोलले नाहीत. ती बाहेर आली, तिनं कोट घातला आणि दोन्ही हात पुढे केले. उजवी बाही दोन बोटं कमी होती. डावी चार.

एकतीस वर्षांत मास्तरांचं माप पहिल्यांदा चुकलं होतं.

"दाजी, हे नियतीत टाका," मेहुणा पुटपुटला.

"तू गप रे," ती म्हणाली. मग नवऱ्याला, "कापड कापून टाकलंत?"

"घाईत."

"आता उजवीही चार करावी लागणार. मनगटं उघडी राहतील."

"करतो."

"तुम्ही नका करू. मी करते. तुम्ही शेजारी बसा आणि बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन तिनं ओल्या फडक्यानं सहाही नावं पुसली. आता कपडे कुठल्याही कप्प्यात ठेवतात आणि वेळेवर परत देतात. ती आखूड बाह्यांचा कोट घालते आणि विचारणाऱ्याला सांगते, "आमच्या ह्यांनी केलाय."

झालं तुमचं पुराण. मास्तर, आता आपलं. वर्गाच्या पुढच्याच आठवड्यात मी माझा राखाडी कोट खालून कमी करायला दिला होता. तुम्ही विचारलंत, "बाई, कोट लांब झाला की तुम्ही आखूड?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. तुम्ही तो सातव्या कप्प्यात टाकलात. आता सगळ्यांचं न विचारता करता, आणि मला मात्र म्हणता, "बाई, तुमच्याच कपड्याला न विचारता कात्री कशी लावू? शिकवलंत तुम्हीच." तुमची बायको दोनदा म्हणाली, आणा, मी करते. मी नाही दिला. तुम्हाला करायला दिलाय.

कोट लांब झाला की मी आखूड, याचं उत्तर मला ठाऊक आहे. सांगणार नाही. पाच वर्षं झाली. निदान त्यातल्या टाचण्या तरी काढा, गंजल्या असतील.