चोराला गूळ-पाणी

साता समुद्रापार कुठंतरी लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. त्या दिवसांत मी अमरावतीला एका कापडाच्या दुकानात गुमास्ता होतो. गिऱ्हाईक असं लोटायचं की गादीवर बसायला जागा नसे, आणि गर्दी म्हटली की हातचलाखी आलीच. गंमत म्हणजे चोरणारे काही भुकेकंगाल नसत. चांगली पाटल्या-गोठ घातलेली बाई, पण एवढासा खण दिसला की हात शिवशिवायचेच!

यावर आमच्या शेटजींचा एक कायदा होता. दुकानात कुणाला चोर म्हणायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, मागं धावायचं नाही. खण पदराआड जाताना दिसला, की समोर गूळ-पाणी ठेवायचं आणि हात जोडून म्हणायचं, "बाई, त्या खनाची घडी इस्कटली, द्या, नीट करून देतो." बाई मुकाट्यानं खण काढून द्यायची, गूळ चघळायची आणि वर दोन लुगडी घेऊन जायची.

"एकाले चोर म्हनशीन, तर त्याचं अख्खं गाव समोरच्या दुकानात जाईन," शेटजी सांगायचे.

मला हे काडीचंही पटत नसे. चोराला गूळ? का, तो काय जावई आहे? मी अचलपूरचा, डोक्यात कायम चूल पेटलेली. एकदा धोतरजोडी पळवणाऱ्याच्या मागं थेट वेशीपर्यंत धावलो. तो तर हाती लागला नाहीच, पण परत येऊन पाहतो तर ओट्यावरची दोन पागोटी गायब! दुसऱ्यांदा एका पाटलाचं मनगट धरलं. त्याचं गाव खरंच पुन्हा दुकानाची पायरी चढलं नाही. शेटजींनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "आता तिसऱ्यांदा बोंबललास, तर वळकटी बांध अन् घरची वाट धर."

नेमकं तेव्हाच माझं लग्न ठरलं होतं. मुलगी अकोल्याकडची. तिच्या घरच्यांची अट एकच, पोराला शहरात कायमची जागा पाहिजे. म्हणजे नोकरी गेली की नवरीही गेली. महिनाभर मी दातओठ खात गूळ वाटला.

मग एका दुपारी बैलांच्या छपरी दमणीतून चार बाया उतरल्या. त्यांत एक ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं खणांचा ढीग उपसायला लावला, एकही पसंत केला नाही, आणि माझ्या देखत हिरवा खण कमरेला खोचला. कसला गूळ नि कसलं पाणी! माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ओ बाई, चोरी करून राहिल्या का? काढा तो खन!"

सारं दुकान वळून पाहू लागलं. बाई मात्र शांत. "माह्या घरचा खन हाये, बापा. रंग जुळवाले आनला."

झाली का पंचाईत! जुळणी करायला बाया घरचा खण आणतातच, हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक. तेवढ्यात तिच्या मागची पोरसवदा बाई तोंडाला पदर लावून फिसकन हसली. "काकी, हाच तो. आपला नवरदेव."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही नवरीची थोरली काकू होती, तिला लहानाचं मोठं करणारी. घरात शब्द हिचाच चालायचा. खण घेण्याच्या निमित्तानं मला पाहायलाच आल्या होत्या. शेटजी गूळ-पाणी घेऊन धावले आणि तिच्यापुढं हात जोडले. "मावशी, चूक झाली. खन तुमचाच. याले मी आजच घरी धाडतो."

खोटं कशाला सांगू, रडूच यायचं बाकी होतं.

काकूनं सावकाश गूळ खाल्ला, पाणी प्यायलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "काहून धाडता? राहू द्या त्याले. तोंडाचा फाटका हाये, पन नजर पक्की हाये. पोरगी देतो आमी."

नोकरी वाचली, लग्न झालं. पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो. काकूनं ओटीत दिलेला खण बायकोनं कौतुकानं माझ्यापुढं उलगडला. हिरवा. कोपऱ्यात हळदीचा ठिपका. आमच्या दुकानात गठ्ठा फुटला की प्रत्येक खणाला शेटजी स्वतःच्या बोटानं लावायचे, तोच.

चोर तो चोर, वर शिरजोर! माझं टाळकंच सणकलं. तोंड उघडलंही. पण समोर बायको खण गालाला लावून हसत होती. आई नसलेल्या पोरीला माहेरची ओटी म्हणजे तेवढंच. मी शब्द गिळला. खण हळूच हातात घेतला.

"घडी इस्कटली हाये," मी म्हणालो, "दे, नीट करून देतो." आणि ठिपका आत जाईल अशी घडी घातली.

दारात काकू केव्हाची उभी होती. "जावाईबापू," ती म्हणाली, "गूळ-पानी आनू का?"