साहेबाचा कप

किस्से काय कोणी साठवायला जात नाही. गाडीच्या डिकीसारखं असतं ते. एक दिवस उघडावी तर आत दोन छत्र्या, एक चप्पल अन् कोणाचा तरी टॉवेल! कोपर गावातल्या कट्ट्यावर आमची म्हातारमंडळी जमली की रोज माझी डिकी उघडायला लावतात. "ए ड्रायव्हर, तुझ्या साहेबाचं काढ!" आता सांगून सांगून माझंही तोंड दुखतं. पण काढतो.

तर मी मूळचा मोहने गावचा, सातवी नापास. आखाती देशात ब्रिटिश वकिलातीत बावीस वर्षं गाडी चालवली. आमचा गोरा साहेब अरबी असं बोलायचा की बाजारातला खजूरवाला मला म्हणाला, "असं माझा आजोबा बोलायचा. तोही चिडला तरच!"

साहेबाची आयुष्यात एकच इच्छा, त्या देशात राजदूत व्हायचं. तीनदा बदलून आला, तिन्ही वेळा दुसऱ्याच्या हाताखाली. खुर्ची रिकामी झाली की लंडनहून भलताच कोणी यायचा. त्याला अरबीत पाणीसुद्धा मागता यायचं नाही!

*

असाच एक नवा राजदूत आलेला. तिकडची रीत अशी, की कॉफीचा इवलासा कप, बिनकानाचा. पुरे झालं की तो हातात हलवायचा. नाही हलवला तर यजमान ओततच राहतो. मी गाडीत हळूच सांगितलं, "सर, कप हलवू नका. इन्सल्ट होतो."

शेखाच्या घरी चौदा कप प्यायला बिचारा! साहेब शेजारीच बसलेला. नुसता बघत राहिला.

परत आल्यावर राजदूत बाथरूमकडे धावला, तेव्हा साहेबानं विचारलं, "तू सांगितलंस?"

"हो सर."

"थँक यू."

*

एकदा साहेबानं तीन आठवडे खपून लंडनला चाळीस पानांचा रिपोर्ट लिहिला, सीमेवर काय शिजतंय त्याचा. उत्तर आलं, ऑफिसातल्या खुर्च्यांची यादी पाठवा.

"तूच लिही बाबा," साहेब म्हणाला. "मी दमलो."

मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये लिहिली. शेवटी टाकलं, 'राजदूताची खुर्ची एक. बसणारा चुकीचा.'

साहेबानं वाचली, सही केली, पाठवली. लंडनहून उत्तर आलं, 'यादी मिळाली. आभार.'

म्हणजे कोणी वाचतच नव्हतं!

*

साहेबाच्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरली अन् खुर्ची पुन्हा रिकामी. या वेळी सगळे म्हणत होते, यालाच मिळणार. राजदूताच्या गाडीला पुढे छोटा झेंडा असतो. मी तो इस्त्री करून लावूनच ठेवला. साहेब हातात कागद घेऊन पायऱ्या उतरला अन् झेंड्याकडे बघत उभा राहिला.

मी सलाम ठोकला, "काँग्रॅच्युलेशन्स सर!"

"राहू दे तो झेंडा," साहेब म्हणाला. "विमानतळावर जायचंय. नवे राजदूत येतायत."

त्या दिवशी रस्ताभर मी एकही टवाळकी केली नाही. बावीस वर्षांत तेवढा एकच दिवस.

*

गेल्या थंडीत साहेब कोपरला माझ्या घरी आला. रिटायर झालेला, एकटा, पाठीवर सॅक. बायकोला मी आधीच पढवून ठेवलेलं, "साहेब कप हलवत नाही तोवर चहा ओतत राहायचं हां!" म्हातारपणी तेवढीच गंमत!

आम्ही दोघं अरबीतच बोलत होतो. मी विचारलं, "सर, लंडनला आता अरबी कोणाशी बोलता?"

"एक भाजीवाला होता," तो म्हणाला. "तोही दुकान बंद करून गेला."

तिसरा कप. चौथा. पाचव्याला बायकोनं मला आत बोलावलं. "अहो, दूध संपलं! हे कप हलवत का नाहीत? यांना रीत माहीत नाही का?"

मी दारातून बघितलं. साहेब रिकामा कप दोन्ही हातांत धरून बसलेला. अगदी स्थिर.

म्हटलं, "बिनदुधाचा कर. पण ओतत राहा."