अनसूयाबाईंचे पाच शेअर

फाल्गुनातली टळटळीत दुपार, आणि पोस्टाच्या ओसरीवर रेंगाळणारा तो वास! ओल्या डिंकाचा, वितळलेल्या लाखेचा आणि रस्त्यापलीकडे वाळत घातलेल्या मिरच्यांचा. तिन्ही असे एकमेकांत मिसळलेले, की श्वास घेताच डोळ्यांत पाणी यावे आणि तरीही तिथून उठावेसे वाटू नये. धामणगाव बढ्याला मी हायस्कुलात शिक्षक म्हणून आलो, तेव्हा महाराष्ट्र राज्य कोऱ्या कापडासारखे करकरीत होते. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना ‘आपले राज्य’ हे शब्द उच्चारले की माझा मलाच हुरूप येई. पण ‘आपले’ म्हणजे नेमके काय, हे मला पुस्तकाने शिकवले नाही. ते शिकवले त्या ओसरीने, आणि वांगी पिकवणाऱ्या एका बाईने.

ओसरीवर आम्ही चौघे जमत असू. निवृत्त पोस्टमास्तर श्यामराव, कपडे शिवणारे दामूभाऊ, गावालगत मळा करणाऱ्या अनसूयाबाई आणि मी. चौघांना एकत्र बांधणारा धागा मोठा विलक्षण होता. मुंबईत दुर्मिळ टपाल तिकिटांचा व्यापार करणारी एक कंपनी होती आणि आम्ही तिचे भागधारक होतो! श्यामरावांनी उभा जन्म तिकिटांवर शिक्के मारण्यात घालवलेला. ज्या चिमुकल्या चित्रांना रोज काळे करायचे, त्यांच्यावरच त्या माणसाचा जीव जडला होता. कंपनीची जाहिरात वाचून त्यांनी शेअर घेतले आणि मग हर्षभराने आम्हालाही घ्यायला लावले. अनसूयाबाई तेव्हा नुकत्याच एकट्या पडल्या होत्या. मळ्यातल्या पहिल्या स्वतंत्र पिकाच्या कमाईतून त्यांनी पाच शेअर घेतले. आयुष्यात स्वतःच्या नावावर घेतलेली ती त्यांची पहिली वस्तू.

पहिली दोन वर्षे लाभांश आला. मग तो थांबला. दामूभाऊंची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच धारदार. “श्यामरावजी, तुमच्या टिकिटायले वाळवी लागली काय?” असे ते भर ओसरीवर विचारीत आणि श्यामराव कसनुसे हसत. पुढे पुढे ते हसूही आटले. ओसरीवरचे त्यांचे येणे तुटले. स्वतःचे नुकसान माणूस गिळतो. पण आपल्या शब्दाखातर दुसऱ्याचे झालेले नुकसान त्याला रोज आतून कुरतडत राहते, नाही का?

अशातच कंपनीचे जाड पाकीट चौघांच्याही नावे आले. मजकूर इंग्रजीत, मी वाचून सांगितला. व्यापार मंदावला आहे, संग्रहाला आता फारसे मोल उरलेले नाही, सबब सगळा संग्रह एका पेढीला एकरकमी विकून कंपनी गुंडाळावी, असा ठराव दोन महिन्यांनी मुंबईत भरणाऱ्या भागधारकांच्या सभेपुढे येणार होता. सोबत एक छापील मुखत्यारपत्र होते. त्यावर सही केली की आपले मत अध्यक्षांच्या हाती जाणार, आपण मुंबईला जायचे कारणच नाही. श्यामरावांना मी बोलावून आणले होते. ते खाली मान घालून म्हणाले, “करून टाका सह्या. माह्या नादी लागून तुमचं वाटोळं झालं. बाई, तुमची भरपाई मी देतो.”

“मले तुमची भरपाई नाई पायजे,” अनसूयाबाई म्हणाल्या. त्या पाटीतली वांगी निवडत होत्या, किडकी एकीकडे, चांगली दुसरीकडे. हात न थांबवता त्यांनी विचारले, “गुरुजी, मले एक सांगा. माल सडका हाय म्हंतात, तर मंग त्याले घेनारा काऊन भेटून राह्यला?”

मी पत्र पुन्हा वरून खाली वाचू लागलो.

“माह्या वांग्याले कीड लागली तर व्यापारी ढुंकून पायत नाई. अन् इथं त सारा माल एकदम उचलून राह्यले. सडका माल कोनी इतक्या घाईनं नेते काय?”

किती साधा प्रश्न! माझ्या पदवीला तो सुचला नव्हता, श्यामरावांच्या अनुभवाला सुचला नव्हता. श्यामरावांनी हळूहळू मान वर केली. माझ्या हातातला कागद त्यांनी घेतला आणि विकत घेणाऱ्या पेढीचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. मग ते तडक उठून घरी गेले आणि आले ते कंपनीचे जुने माहितीपत्रक छातीशी धरून. त्यात संचालकांची नावे होती, घरचे पत्ते होते.

“नाव इसरीन मी, गुरुजी, पत्ता नाई इसरनार,” ते म्हणाले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “हे पाहा. तीच इमारत, तोच मजला, तोच खोली नंबर. घेनारी पेढी अन् आपला हा संचालक एकाच दारात राह्यतात!”

दामूभाऊंच्या हातातली सुई तशीच अधांतरी राहिली. “म्हंजे इकनाराबी तोच, घेनाराबी तोच?”

त्या दुपारनंतरचे श्यामराव निराळेच. मलकापूरच्या एका वकिलांकडून मी कायद्याचे पुस्तक मागून आणले. त्यात आम्हाला दोन गोष्टी गवसल्या. असा ठराव संमत व्हायला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे पाव हिश्श्याहून थोडी अधिक मते विरोधात पडली तरी तो कोसळतो. आणि भागधारकांची यादी मागण्याचा हक्क कुणाही भागधारकाला असतो, मग त्याचे शेअर पाच का असेनात! यादी मागितली. कंपनीने चालढकल केली. श्यामरावांनी पुन्हा लिहिले, तिसऱ्यांदा रजिस्टर करून लिहिले, आणि अखेर यादी आली.

मग, मुखत्यारपत्र अध्यक्षांऐवजी श्यामरावांच्या नावे करून पाठवा, अशी यादीतल्या भागधारकांना आमची पत्रे निघाली. पोस्टाच्या ओसरीला त्या दिवसांत लगीनघराची कळा आली होती. मजकूर मी लिहायचा, पत्ते श्यामरावांनी घालायचे, आणि शेअरची टिंगल करणारे दामूभाऊ मशीन बंद ठेवून पाकिटे चिकटवायला बसायचे. “दामूभाऊ, तुमी त वाळवी म्हनत व्हते?” अनसूयाबाई विचारीत. “वयनी, वाळवी टिकिटाले नव्हती, माह्या डोक्याले व्हती,” ते म्हणत.

आणि उत्तरे! कोकणातल्या एका सुईणीचे आले, सोलापूरच्या गिरणीत कामगारांवर देखरेख करणाऱ्या जॉबरचे आले, निवृत्त रेल्वे गार्डाचे आले, देवळात पूजा करणाऱ्या गुरवाचे आले. आम्हाला वाटत होते की या मूर्खपणात आपण चौघेच सापडलो आहोत; आणि इथे तर अवघ्या मुलखातून माणसे हात वर करीत होती. सही केलेल्या मुखत्यारपत्रावर श्यामरावांचे नाव घालून प्रत्येकाने सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या. सुईणीने लिहिले होते, ‘कोणीतरी विचारले, एवढ्यानेच बरे वाटले.’ एकाकीपणा हाच लहान माणसाचा खरा दुबळेपणा असतो काय? शेजारी आपल्यासारखाच कुणी उभा आहे एवढे कळले, तरी पाठीचा कणा आपसूक ताठ होतो!

आम्ही तिघे मुंबईला निघालो. अनसूयाबाईंचा मळा ऐन बहरात होता. “तुमी जा, पानी मी देतो,” असे म्हणून दामूभाऊ स्वतः मोटेवर उभे राहिले. नियमाप्रमाणे सभेच्या दोन दिवस आधी मुखत्यारपत्रांचा गठ्ठा आम्ही कंपनीच्या कचेरीत दिला आणि त्याची पोच घेतली. कारकून गठ्ठ्याकडे बघतच राहिला.

सभेचा दिवाणखाना लहानसा. वर पंखा, खाली गालिचा. इंग्रजीत ठराव वाचला गेला, कुणीतरी अनुमोदन दिले, आणि हात वर करायला सांगण्यात आले. ठरावाच्या बाजूने भराभर हात उठले; विरोधात आमचे तीन. अध्यक्ष प्रसन्न मुद्रेने “ठराव संमत” म्हणणार, तोच श्यामराव उभे राहिले. अंगातला कोट जुना, पण बटणे सगळी लावलेली.

“मी शेअरवार मतमोजणी मागतो,” ते स्वच्छ आवाजात म्हणाले. हात मोजताना मुखत्यारपत्रे जमेला धरली जात नाहीत. शेअरवार मोजणीत धरली जातात. हे त्यांनी वकिलांच्या पुस्तकातून पाठ केले होते. आणि मग त्यांनी तो पत्ताही वाचून दाखवला. आधी पेढीचा, मग संचालकाचा. दिवाणखान्यात कुजबुज उठली. कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

अध्यक्ष मराठीवर आले. अनसूयाबाईंकडे वळून त्यांनी विचारले, “बाई, तुमचे शेअर किती?”

“पाच.”

“पाच शेअरसाठी एवढ्या लांबून आलात?”

अनसूयाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सावरून त्या म्हणाल्या, “पाचच हायेत, सायेब. पन तेवढ्याची मालकीन त आहो ना मी? मंग आमचा माल आमाले दाखवा. आपला माल न पायता कोनी इकते काय?”

त्या क्षणी मला माझा वर्ग आठवला, फळ्यावर लिहिलेले ‘आपले राज्य’ आठवले; आणि खडूने गिरवलेल्या त्या अक्षरांत प्रथमच प्राण आला!

मोजणी झाली. ठराव पडला. काठावर नव्हे, चांगला आपटून पडला. कारण बाजूने हात वर करणारे काही जणही मोजणीत आमच्याकडे वळले होते. आणि अध्यक्षांना, नाइलाजाने का होईना, तिजोरीतून संग्रह आणवावा लागला. मखमली पुठ्ठ्याच्या वहीतून एक पान उलगडले. एका जुन्या संस्थानाची, चुकून भलत्याच रंगात छापली गेलेली, एकमेकांना जोडलेली चार तिकिटे. श्यामराव हात पाठीमागे बांधून वाकले. तीस वर्षे त्यांनी तिकिटे हाताळली होती, आणि या चारांना बोट लावायला ते धजत नव्हते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळले, ते त्यांनी पुसलेही नाही. अनसूयाबाई निरखून म्हणाल्या, “वांग्याच्या फुलाचा रंग हाय, गुरुजी.”

पुढल्या वर्षभरात तो संचालक पायउतार झाला, संग्रहातली काही तिकिटे उघड लिलावात विकली गेली आणि त्या ‘मोल न उरलेल्या’ कागदांनी आमचा लाभांश पुन्हा सुरू केला. पण तो पुढचा भाग. मला आठवते ती परतीची सकाळ. मोटारीतून उतरलो तर दामूभाऊ थांब्यावर हजर, धोतराला मळ्यातला चिखल तसाच. बातमी ऐकताच त्यांनी श्यामरावांना कडकडून मिठी मारली, मग जरा वेळाने कुतूहलाने विचारले, “पन वयनी, केवढं व्हतं ते टिकिट?”

अनसूयाबाईंनी अंगठ्याचे नख दाखवले. “एवढुसं.”

“एवढुसं? अन् त्याच्यासाठी एवढा कुटाना?”

“एवढुसं हाय म्हनूनच त त्यायले वाटलं,” त्या म्हणाल्या, “का कोनाच्या नजरेत येनार नाई.”

श्यामराव आधी नुसते थबकले. मग ते हसले. मोकळे, खळखळून, थांब्यावरच्या माणसांनी वळून पाहावे असे. आणि ती माणसे जवळ येऊन काय झाले म्हणून विचारू लागली, तेव्हा पिशवी खाली ठेवून, कोटाची बटणे काढून, त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.